पेट्रोल पिणारी पाहुणी

आज करंजी घाटातून गाडी फिरवून आणली. फियाट पालिओ, 1.6 जीटीएक्स, 2002 सालची. सचिनची फेरारी 360 मोडेना आपण फोटोतच बघायची. पण त्याच सचिनच्या नावाने फियाटने पालिओची ‘एस10’ काढली होती, जेमतेम 500. माझी तीही नव्हे! तरी 1596 सीसी, शंभर अश्वशक्ती, आणि जन्म कुर्ल्याचा, जिथून पद्मिनी बाहेर पडायच्या.

घेतली तेव्हा भिंगारचा मेकॅनिक म्हणाला, “दादा, आधी टायमिंग बेल्ट बदला, मग मिरवा.” ऐकलं. पार्टसाठी पुण्याला दोन चकरा झाल्या. खिडकीच्या एका बटणासाठी तिसरी. शहरात लिटरला आठ-नऊ. आई म्हणते, यापेक्षा म्हैस बरी, दूध तरी देते.

पण दार लावलं की ‘धप्प’ असा भरीव आवाज येतो, वाड्याचा दिंडी दरवाजा लावल्यासारखा. घाटात तिसऱ्या गिअरवर जरा दाबली, तर शेजारी बसलेल्या भाच्याने डॅशबोर्डच धरला.

परतताना चांदबीबी महालाच्या पायथ्याशी थांबलो. बॉनेट तापलेलं, आणि खाली मातीत ऑइलचा एक थेंब. उद्या परत भिंगार.