पंचवीस हजार फुटांवरचा कागद

माझ्या टेबलाच्या खणात एक चुरगळलेला कागद आहे. त्यावर पेन्सिलीनं केलेली वजाबाकी आहे. पाचशेतून सात वजा करायचे, उरतील त्यातून पुन्हा सात, असं करत जायचं होतं. ४९३, ४८६, ४७९, ४७२, ४६५ इथवरचं अक्षर माझं आहे, सुटसुटीत आणि सरळ ओळीत. त्याखाली पुन्हा ४६५, परत एकदा ४६५, मग ५६४. तिथून पेन्सिल तिरकी घसरत कागदाच्या कडेपर्यंत गेली आहे. हे लिहीत असताना मी विलक्षण आनंदात होतो. आपलं गणित झकास चाललंय याची मला पक्की खात्री होती.

बंगळूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ एअरोस्पेस मेडिसिनमध्ये शिकत असतानाची ही गोष्ट. पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस होऊन मी हवाई दलात रुजू झालो. काही वर्षं वेगवेगळ्या तळांवर काढली आणि मग एम.डी.साठी या संस्थेत आलो. १९५७ साली ‘स्कूल ऑफ एव्हिएशन मेडिसिन’ या नावानं ती सुरू झाली. १९८४ मध्ये राकेश शर्मा अंतराळात गेले, त्याआधी त्यांची आणि रवीश मल्होत्रांची वैद्यकीय पारख इथेच झाली होती. शेजारीच एचएएलची धावपट्टी. व्याख्यान चालू असताना डोक्यावरून लढाऊ विमान गेलं की सर बोलायचे थांबत आणि आवाज विरला की अर्धवट राहिलेल्या त्याच वाक्यापासून पुढे सुरू करत.

बंगळूरला निघण्याआधी गावी गेलो होतो. वडिलांना, म्हणजे अण्णांना, मी नवा विषय समजावून सांगत होतो. ते आयुष्यभर लांब पल्ल्याच्या गाडीवर चालक होते. सगळं ऐकून घेऊन त्यांनी एकच विचारलं, “पण यात आजारी कोण असतं?” प्रश्न नेमका होता. दवाखान्यात माणूस आजारी असतो आणि भोवतालची हवा नेहमीची असते. आमच्या विषयात माणूस धडधाकट असतो, पण तो जातो ती जागा त्याच्या शरीरासाठी घडलेलीच नसते. एवढं मला तेव्हा सांगता आलं. पुढचं उत्तर चेंबरमध्ये मिळालं.

चेंबर म्हणजे जाड पोलादी भिंतींची बंद खोली. बाहेरचे पंप आतली हवा ओढून घेतात आणि जमिनीवर बसल्या बसल्या माणूस हजारो फुटांवर पोचतो. आम्ही दोन्ही बाजूंच्या बाकांवर मास्क लावून बसलो होतो. आधी अर्धा तास नुसता शुद्ध प्राणवायू घ्यायचा, म्हणजे शरीरात विरघळलेला नायट्रोजन बराचसा निघून जातो. तो तसाच राहिला तर दाब उतरल्यावर त्याचे बुडबुडे होतात आणि सांध्यांत, कधी मज्जातंतूंत अडकतात. छताला शस्त्रक्रियेचा एक रबरी हातमोजा गाठ मारून टांगला होता. जमिनीवर तो मलूल लोंबत होता. अठरा हजार फुटांवर हवेचा दाब निम्म्यावर येतो. तिथे त्याची बोटं ताठ झाली. पंचवीस हजारांवर तो टरारून फुगला. माझ्या पोटातही तेच चाललं होतं.

या उंचीवरच्या हवेतही प्राणवायूचं प्रमाण एकवीस टक्केच असतं. पण दाब इतका उतरलेला असतो की फुप्फुसांतून रक्तात तो पुरेसा जातच नाही. मास्क काढल्यावर माणूस शुद्धीत असला, तरी कामाचा राहतो तो जेमतेम तीन ते पाच मिनिटं.

“मास्क काढा,” सरांनी सांगितलं. मी काढला आणि वजाबाकी सुरू केली. बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या. मग सगळं फार सोपं, फार छान वाटायला लागलं. थोड्या वेळानं सर म्हणाले, “मास्क लावा.” मी ऐकलं, मान डोलावली, हसलो आणि लिहीत राहिलो. मास्क त्यांनीच येऊन माझ्या तोंडावर दाबला. दोन श्वासांत खोली उजळली. कोणी दिवे लावले म्हणून मी वर पाहिलं. दिवे मघाचेच होते. माझ्या डोळ्यांपुढे अंधारून आलं होतं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

खाली उतरल्यावर सरांनी तो कागद माझ्या हातात दिला. म्हणाले, “हा जपून ठेव. कुठलाही वैमानिक तुला ‘मी ठीक आहे’ म्हणाला, की आधी हा काढून बघ.”

त्या रात्री मी वसतिगृहात ‘झेनिथ’ची हकिगत पुन्हा वाचली. १५ एप्रिल १८७५ रोजी तीन फ्रेंच माणसं या बलूनमधून आठ हजार मीटरच्या वर गेली. प्राणवायूच्या पिशव्या त्यांच्यासोबत होत्या. तो साठा पुरणार नाही, असं शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी पत्रानं कळवलं होतं, पण पत्र पोचायला उशीर झाला. गरज पडली तेव्हा हात नळीपर्यंत नेण्याएवढंही बळ उरलं नव्हतं. क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल गेले, तिसांदिए वाचले. त्यांनी पुढे लिहून ठेवलं, की वर त्यांना त्रास असा झालाच नाही, उलट उजेडात न्हाऊन निघाल्यासारखा आनंद वाटत होता. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा इतिहास वाटला होता. या खेपेला प्रत्येक ओळ ओळखीची वाटली.

आणि हे काही बलूनच्या काळातच संपलेलं नाही. ऑगस्ट २००५ मध्ये सायप्रसहून अथेन्सकडे निघालेल्या हेलिओसच्या विमानात केबिनमधल्या दाबाचं बटण चुकीच्या जागी राहिलं होतं. धोक्याचा भोंगा वाजला. वैमानिकांना ती दुसऱ्याच कशाची तरी सूचना वाटली. चूक लक्षात यायची ती ज्या मेंदूच्या, त्यालाच प्राणवायू मिळत नव्हता. १२१ माणसं गेली.

पुढच्या महिन्यांत आणखी दोन यंत्रांनी मला तोच धडा दिला. पहिलं सेंट्रिफ्यूज. लांब लोखंडी हाताच्या टोकाला एक पाळणा असतो. त्यात बसवून माणसाला गरगर फिरवतात. विमान झपकन वळतं तेव्हा अंगावर येतो तसा भार यात तयार होतो. पाच जी म्हणजे सत्तर किलोचा माणूस साडेतीनशे किलोचा. समोरच्या पट्टीवर मधोमध लाल दिवा होता आणि दोन्ही कडांना हिरवे. हृदयाला रक्त डोक्यापर्यंत चढवता येईना, की सगळ्यात आधी डोळे हार मानतात, कारण डोळ्याच्या आतला दाब रक्ताला आत यायला अडवतो. माझे कडेचे हिरवे दिवे विझले. समोर उरला तो बोगद्याच्या टोकाशी असावा तसा लाल ठिपका. पोटऱ्या, मांड्या, पोट आवळायचं, श्वास कोंडायचा, दर तीन सेकंदांनी झटक्यात बदलायचा. हे सगळं पाठ होतं, तरी गालांचं कातडं हनुवटीखाली ओघळत असताना ते निभावणं किती जड जातं, हे तेव्हा कळलं. या भाराखाली जे बेशुद्ध पडतात, त्यांच्यातल्या अनेकांना शुद्धीवर आल्यावर आपण बेशुद्ध होतो हे आठवतही नाही. व्हिडिओ दाखवला तरी त्यांचा विश्वास बसत नाही.

दुसरं यंत्र साधंच, फिरती खुर्ची. डोळे बांधून एकाच वेगानं फिरवत राहिलं, की पंधरावीस सेकंदांत आपण फिरतोय ही जाणीवच जाते. कानाच्या आतल्या नलिकांमधला द्रव नलिकांच्याच वेगानं फिरायला लागतो आणि मेंदूला वाटतं, सगळं थांबलं. खुर्ची खरोखर थांबली, तेव्हा मी शपथेवर सांगितलं असतं की ती उलटी फिरतेय. ढगांत शिरलेल्या वैमानिकाचं हेच होतं. सरळ उडत असल्याची खात्री वाटत असताना विमान वळत खाली जात असतं. म्हणून त्याला शिकवतात, की अंगाला काय वाटतं ते बाजूला ठेव आणि समोरच्या उपकरणांवर भरवसा ठेव.

तीन यंत्रं आणि तिन्हींची साक्ष एकच. आपलं शरीर आपल्याशी खोटं बोलू शकतं, आणि खोटं बोलताना त्याचा आवाज जराही कापत नाही. हे पुस्तकात वाचून कळत नाही. म्हणूनच या विषयाच्या डॉक्टरला आधी स्वतःला त्या पाळण्यात आणि त्या चेंबरमध्ये बसावं लागतं. ज्याला वैमानिकाला जमिनीवर थांबवायचा अधिकार मिळणार आहे, त्यानं निदान एकदा तरी वैमानिकाच्या जागी बसलेलं असलं पाहिजे.

शिक्षण संपवून मी एका लढाऊ तळावर गेलो. सकाळी सातच्या सुमाराला उड्डाणाआधीची तपासणी असे. तिथे सगळे आम्हाला ‘डॉक’ म्हणत. या नात्यात एक अवघडलेपण असतं. वैमानिकाचं पोट आणि त्याचा अभिमान दोन्ही उडण्यावर असतात, आणि आमच्या एका सहीनं ते उडणं थांबतं. म्हणून तो बोलत नाही. कंबर धरलेली असते, रात्री झोप झालेली नसते, घरी कोणी आजारी असतं, पण ओठांवर शब्द एकच. “फिट, डॉक.”

एका सकाळी एक तरुण फ्लाइंग ऑफिसर आला. हसतमुख, चालण्यात झोक. “गुड मॉर्निंग, डॉक,” म्हणाला, पण माझ्या कानावर पडलं ‘गुड बॉर्डिंग’. नाक चोंदलं की ‘म’चा ‘ब’ होतो आणि ‘न’चा ‘ड’. रक्तदाब, नाडी, तापमान सगळं छान होतं. मी त्याला बसवलं, कानात दुर्बीण घातली आणि नाक दाबून फुंकायला सांगितलं. निरोगी कानाचा पडदा अशा वेळी जरासा बाहेर उचलला जातो. प्रकाश पडलेला भाग हलतो, ते डोळ्यांना दिसतं. त्याच्या डाव्या कानाचा पडदा जागचा हलला नाही. विमान वर जाताना कानातली हवा कशीबशी सुटते. खरी अडचण येते ती वेगानं खाली येताना. घशाकडून कानाकडे जाणारी नळी बंद असेल, तर पडदा आत खेचला जातो, असह्य कळ येते आणि कधी कधी भोवळ. ताशी शेकडो किलोमीटर वेगानं धावपट्टीकडे येताना भोवळ.

“पाच दिवस नाही,” मी म्हणालो. त्याचा चेहरा उतरला. “डॉक, साधी सर्दी आहे. मी ठीक आहे.”

त्या क्षणी मला अण्णा आठवले. मी सातवीत असताना ते एका संध्याकाळी अंगात ताप घेऊन मुक्कामाची गाडी न्यायला निघाले होते. आईनं कपाळाला हात लावला आणि दारात आडवी उभी राहिली. अण्णा म्हणाले, “मी ठीक आहे. लोक थांबलेत.” त्या शब्दांत खोटेपणा नव्हता. कामावर जीव असलेला माणूस आधी स्वतःचीच समजूत घालतो. त्या रात्री आईचा डोळ्याला डोळा लागला नाही. गाडी सुखरूप पोचली, पण ते आमचं नशीब होतं.

मी त्या मुलाला रागावलो नाही. खणातून कागद काढला आणि त्याच्यापुढे ठेवला. “हे लिहिताना मीसुद्धा ठीक होतो,” एवढंच म्हणालो. तो बराच वेळ त्या तीन ४६५ कडे बघत बसला. मग सलाम करून गेला. पाच दिवसांनी आला, तेव्हा पडदा हलत होता. मी सही केली.

तीनेक महिन्यांनी तो पुन्हा आला. तपासणीची वेळ झालेली नव्हती, खोलीत दुसरं कोणी नव्हतं. म्हणाला, “डॉक, आज मी ठीक नाही. रात्रभर झोपलो नाही.” माझ्या साऱ्या नोकरीत मला मिळालेली सगळ्यात मोठी पावती हीच. पदकं आणि प्रशस्तिपत्रं त्यानंतर.

हा विषय फक्त लढाऊ विमानांपुरता नाही. आपण प्रवासी म्हणून बसतो त्या विमानात सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढाच दाब असतो. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा आजार असलेल्यांनी, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी उडण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. मालवणला किंवा गोव्याला स्कुबा डायव्हिंग करून त्याच दिवशी विमान गाठणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं. शरीरातला नायट्रोजन निघून जायला वेळ लागतो. एकच उथळ बुडी असली तरी बारा तास, जास्त बुड्या असल्या तर निदान अठरा तास थांबावं. गगनयानाच्या अंतराळवीरांची निवडही बंगळूरच्या याच संस्थेतल्या तपासण्यांमधून झाली. त्यांच्यातले शुभांशु शुक्ला २०२५ च्या जून-जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात राहून आले. वर जाणारे वाढत जाणार आहेत. खाली उभं राहून त्यांची काळजी घेणारे डॉक्टर मात्र आजही मोजकेच आहेत.

म्हणून एमबीबीएस करणाऱ्या आपल्या मुलामुलींना माझं सांगणं आहे. पुढच्या शिक्षणाची यादी करताना हा विषयही त्यात लिहा. इथे रुग्णांची रांग दिसणार नाही. पण तुमच्या एका नकारानं कोणीतरी संध्याकाळी सुखरूप घरी पोचेल, आणि ते त्याला कधी कळणारही नाही.

आणि बाकी सगळ्यांना एक विनंती. तुमच्या घरातून कोणी गाडी, रेल्वे, क्रेन किंवा विमान चालवायला बाहेर पडत असेल, आणि चेहरा उतरलेला असूनही ‘मी ठीक आहे’ म्हणत असेल, तर त्याला दारात थांबवा. आईनं अण्णांना थांबवायचा प्रयत्न केला होता. तिचं बरोबर होतं.