साडेनऊचा ठिपका

लग्नपत्रिकेवर, शाळेच्या फळ्यावर, गाड्यांच्या वेळापत्रकावर मराठी माणूस वेळ लिहितो ती ठिपका देऊन: स. ९.३० वा. हात न अडखळता पुढे सरकावा म्हणून रुळलेली ही सोय, आणि तिच्यामुळे आजवर कुणाचा मुहूर्त टळला नसावा. एक्सेलच्या चौकटीत मात्र हाच ठिपका दशांशचिन्ह होतो. उदगीरच्या बसस्थानकावरून लातूर, देगलूर, अहमदपूर, बीदरकडे जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा कुणी सवयीनं ९.३०, १०.३०, ११.३० अशा भरल्या आणि मग त्या चौकटींना वेळेचं रूप दिलं, तर तिन्ही गाड्या एकाच वेळी, ७:१२ला सुटताना दिसतील! यंत्र बिघडलेलं नसतं. त्यानं नऊ, दहा, अकरा हे आकडे पूर्ण दिवस म्हणून बाजूला ठेवले आणि दिवसाचे उरलेले तीन दशांश, म्हणजे सात तास बारा मिनिटं, तेवढे दाखवले.

म्हणून वेळा झपाट्यानं कशा भराव्यात हा प्रश्न नुसता बोटांचा नाही. कागदावरच्या खुणेचं मोजण्याजोग्या राशीत रूपांतर कुणी करायचं, टंकणाऱ्यानं की तक्त्यानं, हे आधी ठरलं की वेग आपोआप येतो. कुणी म्हणेल, ठिपक्याऐवजी विसर्गासारखे दोन ठिपके दिले की झालं, एवढा काथ्याकूट कशाला? दहा-वीस नोंदी असतील तर खरंच नको. पण कळफलकाच्या उजवीकडच्या अंकपट्टीवर ही खूण नसते. प्रत्येक वेळेला डावा हात शिफ्टकडे जातो, उजवा अंक सोडून भलतीकडे धावतो, आणि दोनशे ओळींच्या तक्त्यात ही ये-जाच कामाहून मोठी होते. यावर एक युक्ती चालते: ऑटोकरेक्टला सांगून ठेवायचं की लागोपाठ दोन टिंबं आली की त्यांची ही खूण कर. युक्ती चांगली आहे, फक्त ती त्या संगणकापुरती असते आणि वर्डमधल्या मजकुरातही लुडबुड करते.

दुसरी युक्ती अधिक मोहक, म्हणूनच अधिक घातक. नुसतं ९३० टंकायचं आणि चौकटीला असं रूप द्यायचं की दिसताना ०९:३० दिसावं. डोळ्यांचं समाधान होतं, हिशेबाचं होत नाही. पावणेदहाला निघून सव्वादहाला पोचलेली गाडी घ्या: १०१५मधून ९४५ वजा केले की उरतात ७०. प्रवास मात्र तीस मिनिटांचा.

तक्त्याच्या पोटात वेळ म्हणजे दिवसाचा अंश असतो. सकाळचे सहा म्हणजे पाव, मध्यान्ह म्हणजे अर्धा. दिवस १ जानेवारी १९०० पासून ओळीनं मोजलेले (त्यात १९०० हे लीप वर्ष धरण्याची, लोटस १-२-३कडून वारशानं आलेली चूकही जपलेली). हे सारं परकं वाटायचं कारण नाही. पंचांगकर्त्यांचा अहर्गण म्हणजे असाच ठरावीक आरंभापासून मोजलेला दिवसांचा आकडा. नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२०च्या ‘ग्रहलाघवा’त तो फुगू नये म्हणून ४०१६ दिवसांची चक्रं पाडली. दिवसाच्या साठ घटका, घटकेची साठ पळं, हेही दिवसाचे भागच. कुणी हट्टानं म्हणेल, घड्याळात दिसली तीच खरी वेळ, तिला अपूर्णांकात कशाला कोंबता? पण उदगीर आहे ७७ रेखांशाच्या किंचित पूर्वेला आणि आपलं घड्याळ चालतं साडेब्याऐंशीच्या हिशेबानं. इथला सूर्य सरासरी एकवीस-बावीस मिनिटं, म्हणजे जवळजवळ घटकाभर, उशिरा माथ्यावर येतो. मनगटावरची वेळसुद्धा रूपांतरितच आहे.

तेव्हा माझं मत असं: एका रकान्यात बिनठिपक्याचं ९३० टंकावं आणि शेजारच्या रकान्यात सूत्र ठेवावं. शंभरानं भागून येणारा पूर्णांक तास, बाकी राहील ती मिनिटं, आणि टाइम हे फलन दोन्हींना दिवसाच्या अंशात बसवतं. ठिपका सोडवतच नसेल त्यांच्यासाठीही सूत्र करता येतं, पण ‘नऊ पाच’ घाईत ९.५ लिहिलं गेलं की त्याचे नऊ पन्नास होतात. बिनठिपक्याच्या ९०५ला तो धोका नाही. जास्तीचा रकाना अडगळ वाटेल, पण तो लपवता येतो, आणि मूळ टंकलेला आकडा पडताळणीला हाताशी राहतो.

याही पद्धतीत एक चोरवाट आहेच. ९५७ऐवजी ९७५ टंकलं गेलं तर टाइम तक्रार करत नाही, पंचाहत्तर मिनिटांचा सव्वा तास करून मुकाट्यानं १०:१५ लिहितं. म्हणून टंकायच्या रकान्यावर आधीच अट घालावी की शंभरानं भागल्यावरची बाकी साठाच्या आत हवी. रात्री दहाला सुटून पहाटे सहाला पोचणाऱ्या गाडीची वजाबाकी उणे येते आणि चौकट चौकड्यांनी भरते. तिथे उत्तराला एकानं भागून बाकी घेणारं मॉड वापरलं की आठ तास नीट मिळतात. आठवड्याच्या तासांची बेरीज मात्र साध्या रूपात ठेवली, तर अठ्ठेचाळीस तास राबलेल्या चालकाच्या नावापुढे शून्य दिसतं. तासांभोवती चौकोनी कंस घातले की त्याचे अठ्ठेचाळीस तास दिसू लागतात.