घरची फळी

अमेरिकेत मिनेसोटाला असलेला माझा लेक सध्या गॅरेजमध्ये बोटीच्या मागे लावायची फळी बनवतोय. सागवानी पट्ट्या, पाणी निथळायला मध्ये फटी, खाली स्टीलचे ब्रॅकेट. वेकसर्फिंगवाले तिच्यावरूनच पाण्यात उतरतात-चढतात. त्यासाठी पंखा पोटाखाली असलेलीच बोट हवी, हे त्याला पाठ आहे.

मला भीती दुसरीच. इंजिनाचा धूर मागेच निघतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास! कॅलिफोर्नियात तर इंजिन चालू असताना अशा फळीला लटकायला २००५ पासून कायद्याने बंदी आहे.

फोनवर म्हटलं, "इंजिन चालू असताना छकुलीला तिथे बसू देऊ नकोस हं."

"आई, तशी पाटी आधीच रंगवलीय."

असो. सुतारकाम आजोबांकडून आलंय, काळजी बहुतेक माझ्याकडून...