पुनरुक्तीचा गुण

मराठीच्या अध्यापकांनी अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकात डोकावण्याचे तसे काही कारण नाही. परंतु आमच्या एका माजी विद्यार्थ्याला ‘रिडंडन्सी’ या संज्ञेसाठी मराठी शब्द हवा होता. आम्ही ‘पुनरुक्ती’ सुचवला आणि थबकलो. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त जिला दोषांत बसवले, तिला संदेशवहनाचे शास्त्र रक्षणकर्ती मानते. हे कसे, ते समजून घेण्यासाठी मग त्याचेच पुस्तक मागून घेतले.

टेलिफोनच्या तारेतील प्रवाह पूर्वी आवाजाच्या चढउताराची अखंड नक्कल करीत असे. हा अॅनालॉग संदेश. लांबच्या प्रवासात तो क्षीण होतो आणि त्याला गोंगाट चिकटतो. वाटेत प्रवर्धक बसवला, तर तो बिचारा दोन्ही सारख्याच निष्ठेने वाढवतो. डिजिटल पद्धतीत आवाजाची उंची सेकंदाला 8000 वेळा मोजतात आणि प्रत्येक माप 256 पायऱ्यांपैकी एकीवर बसवून आठ अंकांत लिहितात. वाटेवरच्या यंत्राला एवढेच ठरवायचे असते की आलेला स्पंद शून्य आहे की एक. ठरवले की ते कोरा करकरीत स्पंद पुढे धाडते. जुना गोंगाट मागेच राहतो.

याची किंमत मोजावी लागतेच. दोन पायऱ्यांमधले जे होते ते कायमचे गेले. शिवाय साध्या टेलिफोनवर 3400 हर्ट्झच्या वरचे स्वर बहुतांशी गाळलेले असतात आणि ‘स’चा बराचसा सीत्कार नेमका तिथे वसतो. फोनवर नाव सांगताना ‘सखारामातला स’ म्हणावे लागते, ते उगीच नव्हे.

यंत्राचा निर्णयही चुकू शकतो. त्यावरचा उपाय म्हणजे मुद्दाम घातलेली पुनरुक्ती. क्लॉड शॅनन यांनी 1948 सालच्या निबंधात संदेशाचा अर्थ बाजूला ठेवून त्यातील माहिती मोजली. (आम्हां साहित्याच्या माणसांना हे पचायला जड जाते.) रिचर्ड हॅमिंग यांनी 1950 मध्ये चार अंकांना तीन जादा अंक जोडणारी रचना मांडली. सातांपैकी कोणताही एक अंक बिघडला, तरी तो कोणता हे तिच्यामुळे कळते आणि दुरुस्तही करता येतो.

‘माझी धाकटी बहीण काल आली.’ या वाक्यात स्त्रीलिंग किती वेळा सांगितले आहे, पाहा. ‘माझी’, ‘धाकटी’, ‘आली’. आणि ‘बहीण’ आहेच. एसटी स्थानकाच्या कोलाहलात ‘बहीण’ हा शब्द बुडाला, तरी भाऊ आला नाही एवढे निश्चित कळते. लिंगवचनाचा जो मेळ विद्यार्थ्यांना निव्वळ जाच वाटतो, तो आम्हांला आता हॅमिंगच्या जादा अंकांचा भाऊबंद दिसू लागला आहे. अर्थात ‘पुन्हा रिपीट करा’ यातली पुनरुक्ती आम्ही लाल शाईने खोडतो आणि पुढेही खोडू. तिथे जादा शब्द कशाचेच रक्षण करीत नाही.

हस्तलिखितांची परंपरा या दृष्टीने पाहावी. प्रतीवरून प्रत करणारा लेखकू आधीच्याची चूक इमानाने उतरवतो आणि स्वतःची एक भर घालतो, थेट प्रवर्धकच. ज्ञानेश्वरीच्या ओवीत पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात. एका चरणाचा शेवट बिघडला, तर उरलेले दोन साक्ष देतात. गद्याला हे भाग्य नाही. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली, तेव्हा साचलेल्या पाठभेदांतून एक पाठ ठरवून कोरी प्रत पुढे देण्याचे काम त्यांनी केले. आणि शेवटी बजावून ठेवले की यात कोणी आपल्या ओव्या घालू नयेत.