रजिस्टरात नसलेली बाळे

सन २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईच्या गोवंडीत, भिवंडीत व मालेगावात गोवराने लेकरांना गाठले. कोविडच्या काळात चुकलेल्या लसींची ती थकबाकी होती. चोपड्यात बसून वृत्तपत्रे वाचताना आम्हांस सातपुड्याच्या पायथ्याचे पाडे आठवत राहिले.

एके सकाळी नर्सबाई दारात उभ्या. "फादर, पाच वर्षांखालच्या मुलांची यादी मिळेल? लस चुकलेली शोधतेय." गोवराची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत. साथीच्या भागात मात्र सहा महिन्यांच्या बाळालाही एक मात्रा देतात. तिचे नाव 'शून्य मात्रा', कारण ती हिशेबात धरत नाहीत. पुढच्या दोन्ही द्याव्याच लागतात.

आम्ही मोठ्या अभिमानाने बाप्तिस्म्याचे रजिस्टर काढले. जन्मतारीख, मातापित्यांची नावे, गाव, सारे सुवाच्य. बाई उतरवून घेता घेता थांबल्या. "आणि बाप्तिस्मा राहिलेली?"

आम्ही निरुत्तर झालो. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची तान्ही बाळे त्यात नव्हतीच. "परत आल्यावर करू," असे आम्हीच त्यांना सांगितले होते. लसही तशीच राहिली असणार. हरवलेल्या मेंढराच्या दाखल्यावर आम्ही किती प्रवचने केली असतील, कोण जाणे!

मग धर्मशिक्षकांना बोलावले. कोणाची सून आषाढात बाळंत झाली, कोण माहेरी गेली, असे आठवून आठवून अकरा नावे निघाली. मुकादमांना फोन लावले. गोवराचा रोगी पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनच रोग पसरवतो. म्हणून रविवारी मिस्सानंतर सांगितले की, ताप-खोकल्याचे मूल मंदिरात आणू नये, आम्हीच घरी येऊ. एका आजीने नातवाच्या अंगावरील पुरळ पाहून 'माता आली' म्हणत दाराला लिंबाचा पाला बांधला होता. तो आम्ही काढावयास लावला नाही. बाईंनी रक्ताचा नमुना घेतला आणि लागोपाठ दोन दिवस अ जीवनसत्त्वाचे औषध पाजले. आजीनेच नातवाला मांडीवर धरले.

होळीच्या सुमारास कुटुंबे परतली. बाप्तिस्म्याच्या वेळी आम्ही प्रथमच लसीचे कार्ड मागितले. अट म्हणून नव्हे, चौकशी म्हणून. एका आईने पदराच्या गाठीतून ते काढले. त्यावर सातारा जिल्ह्यातील आरोग्य केंद्राचा शिक्का होता.

अकरांपैकी दोन नावांपुढचा रकाना अजून कोराच आहे.