सही करण्यापूर्वी शाळेचा आराखडा वाचा

आपण शेतीची माणसे शाळेविषयी बोलू लागलो की बोलणे लवकरच गुरुजींवर येऊन थांबते. गुरुजी चांगले लाभले तर शाळा चांगली, नाहीतर पोरांचे नशीब! यात खरे पुष्कळ आहे. पण गुरुजी आणि नशीब या दोहोंच्या मध्ये एक कागद असतो. त्यावर गावातल्याच पालकांची सही असते, आणि सही करणाऱ्यांपैकीही फार थोड्यांनी तो वाचलेला असतो. त्या कागदाचे नाव शाळा विकास आराखडा.

मी शेतीचा विस्तार अधिकारी. शाळेच्या कामाशी माझा संबंध नाही. पण पंचायत समितीत माझे टेबल आणि शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांचे टेबल एकाच खोलीत, त्यामुळे दर वर्षी मार्च जवळ आला की हे आराखडे गठ्ठ्यांनी येताना पाहतो. एकदा दुपारच्या निवांत वेळी शेजारच्या सहकाऱ्यांच्या परवानगीने दोन गावांचे आराखडे चाळले. एक गाव नदीकाठचे, दुसरे उघड्या माळावरचे. दोहोंचा मजकूर शब्दाला शब्द सारखा! माळावरच्या शाळेला संरक्षक भिंत आहे, मी ती शंभरदा पाहिली आहे. तरी आराखड्यात भिंत मागितलेली. आणि जिथे उन्हाळ्यात मुले तहान लागली की घराकडे पळतात, त्या शाळेच्या कागदात पाण्याविषयी अवाक्षर नाही. खाली अध्यक्षांची सही आणि सदस्यांचे चार अंगठे. शेजाऱ्याच्या शेताचा माती परीक्षणाचा अहवाल आणून आपल्या रानात खत टाकावे, तसलाच हा प्रकार.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या २१ व्या कलमाने शाळा व्यवस्थापन समिती आली. या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असल्या पाहिजेत. दुर्बल व वंचित घटकांतील पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा आहेत. म्हणजे ही समिती पुढाऱ्यांची नव्हे, मुलांच्या आईबापांची. २२ वे कलम म्हणते की या समितीने शाळेचा विकास आराखडा तयार करावा, आणि शासनाने अथवा स्थानिक प्राधिकरणाने शाळेसाठी जी योजना आखायची, जे अनुदान द्यायचे, त्याला हा आराखडा आधार असावा. जिल्हा परिषदेच्या शाळेला हे पुरेपूर लागू आहे. आराखडा तीन वर्षांचा असतो आणि त्यात एकेका वर्षाचे तीन पोटआराखडे असतात. दर वर्षी प्रत्येक इयत्तेत किती मुले येतील, शिक्षक किती लागतील, खोल्या व साहित्य काय कमी आहे आणि त्याला पैसा किती लागेल, एवढे तरी त्यात हवेच.

या कागदाचा पुढचा प्रवास मोठा आहे. गावातून केंद्रप्रमुखांकडे, तेथून तालुक्याला, जिल्ह्याला आणि मुंबईला महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेकडे. तेथे साऱ्या राज्याची वार्षिक कार्ययोजना व अंदाजपत्रक बनते आणि ते दिल्लीला केंद्राच्या शिक्षण मंत्रालयापुढे मंजुरीसाठी जाते. २०१८-१९ साली सर्व शिक्षा अभियान, माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक प्रशिक्षणाची योजना एकत्र करून समग्र शिक्षा सुरू झाली. तिच्यात आपल्या राज्यासाठी केंद्राचे साठ रुपये आणि राज्याचे चाळीस, असा वाटा ठरला. दिल्लीतला साहेब तुमच्या गावी येणार नाही. त्याच्यापुढे असते ती यू-डायसची माहिती, जी दर वर्षी प्रत्येक शाळेतून भरली जाते. स्वच्छतागृहाचे दार मोडले आहे, पाणी नाही, मुली तिकडे फिरकत नाहीत. पण माहितीत ‘चालू स्थितीत’ असे लिहिले गेले की वरच्यांच्या दृष्टीने तुमची गरज संपली. सातबाऱ्यावर पीकपाहणी चुकीची लागली तर नुकसानभरपाईच्या वेळी काय होते ते तुम्हांला मी सांगायला नको. कापूस बुडाला, नोंद मात्र सोयाबीनची! तसेच हे. म्हणून आराखड्याच्या आधी यू-डायसचा भरलेला अर्ज मुख्याध्यापकांकडून मागून घ्या आणि तो हातात घेऊन शाळेभोवती एक फेरी मारा. अर्धा तास लागतो.

पैशाचेही नीट समजून घेऊ, कारण सगळा घोटाळा अपेक्षेत असतो. शाळेला वर्षाकाठी थेट मिळते ते संयुक्त शाळा अनुदान, आणि ते पटावर ठरते. समग्र शिक्षेच्या २०२१-२२ पासूनच्या निकषांत तीसपर्यंत पट असेल तर दहा हजार, शंभरपर्यंत पंचवीस हजार, अडीचशेपर्यंत पन्नास हजार, हजारापर्यंत पंचाहत्तर हजार आणि त्यापुढे एक लाख, अशा पायऱ्या ठेवल्या. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा. पंचवीस हजारांत विजेचे बिल, खडू, नळाची तोटी, एखादे दार आणि थोडी रंगरंगोटी एवढेच होते. खोली होत नाही. ज्या आराखड्यात सारे काही याच अनुदानातून करायचे लिहिले आहे, तो कोणी मनापासून लिहिलेला नाही असे खुशाल समजावे. पाण्याची टाकी आणि स्वच्छतागृह यांसाठी ग्रामपंचायतीचे दार आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांत ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीपैकी साठ टक्के निधी पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बांधून ठेवला होता. अशा निधीतून शाळेची टाकी व्हायची तर तिचे नाव ग्रामपंचायतीच्या आराखड्यात चढले पाहिजे, आणि ते ग्रामसभेत चढते. शाळेच्या आराखड्यात लिहिले आणि ग्रामसभेत कोणी बोललेच नाही, तर टाकी कागदावरच राहते. शिक्षकांच्या संख्येबद्दलही एक शब्द. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि एकसष्ट ते नव्वद मुलांना तीन, असे प्रमाण आहे. प्रत्यक्ष पदे संचमान्यतेत राज्य शासनाच्या वेळोवेळच्या निर्णयांप्रमाणे ठरतात, पण मोजणी शेवटी मुलांचीच होते. आपले मूल गाडीत बसवून दूरच्या शाळेत धाडताना गावच्या शाळेतला एक आकडा कमी होतो, हेही ध्यानात असू द्यावे. धाडू नका असे मी म्हणत नाही. ज्याचा त्याचा विचार.

इथवर झाली कागदाची गोष्ट. पण ज्यासाठी हे लिहायला बसलो ते पुढे आहे.

आमच्या भागात पाऊस कमी. खरीप हाती लागो वा न लागो, दिवाळी सरली की घरटी एक कोयता ऊसतोडीला निघतो. मुकादमाची उचल आधीच खर्च झालेली असते. जाणारे जोडपे लेकरांना मागे कोणाजवळ ठेवणार? लेकरे बैलगाडीत नाहीतर ट्रकमध्ये बसतात आणि फडावर कोपीत राहतात. आता आराखड्याचे वेळापत्रक पाहा. तो आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी द्यायचा, म्हणून बहुतेक ठिकाणी सभा जानेवारी ते मार्चमध्ये भरते. म्हणजे नेमके ज्या पालकांच्या मुलांचे सर्वांत जास्त नुकसान होते, ते पालक त्या सभेला शंभर-दीडशे कोसांवर ऊस तोडत असतात! त्यांच्या वतीने जो बोलतो त्याला भिंत दिसते, फाटक दिसते. रिकामी बसकर पट्टी दिसत नाही.

एका गावी मी रब्बी ज्वारीच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक द्यायला सप्टेंबरात गेलो होतो. शिक्षण विस्तार अधिकारी सोबत होते. त्यांनी मुख्याध्यापक बाईंना सांगून त्याच दिवशी समितीची सभा शाळेच्या ओसरीत लावली होती. माणसे ज्वारीच्या निमित्ताने जमलीच होती, ती तशीच सभेला बसली. सुरुवात नेहमीप्रमाणे झाली. कोणी म्हणाले भिंत वाढवा, कोणी म्हणाले कमान करा. तेवढ्यात मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, “साहेब, भिंत बांधल्यानं लेकरू वाचायला लागतंय का? लेकरू दिवाळी झाली की फडावर जातंय, पाडव्याला माघारी येतंय. तोवर वर्गातल्या लेकरांचं पुस्तक सरतंय, अन् आमचं तिथंच.”

ओसरी गप्प झाली. बाई उठल्या आणि आदल्या वर्षीचा हजेरीपट घेऊन आल्या. ऑक्टोबरचे पान आणि जानेवारीचे पान शेजारी शेजारी धरले. दुसऱ्या आणि तिसरीच्या वर्गात जानेवारीत निम्म्या नावांपुढे गैरहजेरीच होती. मग त्यांनी तिसरी-चौथीच्या मुलांना बोलावून दुसरीच्या पुस्तकातला एकेक परिच्छेद वाचायला दिला. जी मुले गावात राहिली होती ती अडखळत का होईना वाचत होती. जी फडावर गेली होती त्यांतली बरीच मुले अक्षर लावत बसली. एक मुलगा तर पुस्तकाकडे न पाहता आईकडे पाहत होता. आईने पदर तोंडाशी धरला. आम्ही पिवळे पडलेले पान पाहून नत्र कमी की लोह कमी हे आधी तपासतो, मगच औषध सांगतो. त्या ओसरीत शाळेची तपासणी प्रथमच झाली, आणि ती एका आजींच्या बोलण्यामुळे.

त्या दिवशी आराखडा फळ्यावर लिहिला गेला. कमान पुसली. पहिल्या ओळीवर हंगामी वसतिगृह आले. स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांना गावातच ठेवून घेण्यासाठी समग्र शिक्षेत ही सोय आहे आणि आपल्या ऊसतोडीच्या जिल्ह्यांत ती शाळा व्यवस्थापन समित्यांमार्फत चालवली गेली आहे. दुपारचे जेवण शाळेत मिळतेच. प्रश्न संध्याकाळच्या भाकरीचा आणि रात्रीच्या सोबतीचा. कोणते मूल आजीजवळ राहील, कोणाला मागे कोणीच नाही, याची नावे घरवार लिहिली. ज्यांना न्यावेच लागेल त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्ड द्यायचे ठरले, म्हणजे फडाजवळच्या शाळेत त्यांना बसता येईल. दुसरी ओळ वाचनाची: परतलेल्या मुलांसाठी पाडव्यापासून रोज एक तास जादा, आणि दर महिन्याच्या सभेत दोन मुलांनी उभे राहून वाचून दाखवायचे. तिसरी ओळ पाण्याच्या टाकीची. तिच्यापुढे ‘ग्रामसभा, २ ऑक्टोबर’ असे लिहून सरपंचांचे नाव घातले. प्रत्येक ओळीपुढे पैसा कुठून, तारीख कोणती आणि जबाबदारी कोणाची, एवढे तीन रकाने. भिंत सर्वांत खाली गेली. भिंतीचा आग्रह धरणारे गृहस्थ थोडे रुसले, पण त्यांनीही सही केली. हीच सभा मार्चमध्ये भरली असती तर ती आजी एकट्या असत्या आणि त्यांना कोणी बोलू दिले असते की नाही, देव जाणे.

सारे सुरळीत झाले असे सांगितले तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. वसतिगृहाची मंजुरी यायला उशीर झाला. कोयते निघून गेले होते. मधल्या आठवड्यांत गावच्या बायकांनी पाळी लावून संध्याकाळची भाकरी भाजली, आणि त्यासाठीची ज्वारी खळ्यावरून नव्हे तर घरच्या कणगीतून निघाली. तरीही तीन मुले आईबापांमागे गेलीच. त्यांतली दोन पाडव्याला परत आली. तिसरीचे कुटुंब त्या वर्षी फडाकडेच राहिले.

पुढच्या वर्षी समितीने स्थलांतराची यादी पोळा झाल्याबरोबर केली, आणि वसतिगृहाचा प्रस्ताव घेऊन अध्यक्षा स्वतः पंचायत समितीत आल्या. आमच्या शेजारच्या टेबलावर पोच घेतल्याशिवाय त्या उठल्या नाहीत. जाताना माझ्याकडे वळून विचारले, “भाऊसाहेब, यंदा हरभऱ्याचं बी कोणतं घ्यावं?”