शर्यत बघायला परदेशात? हो, शर्यत बघायलाच!

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या विहारात जयंतीच्या हिशेबाची बैठक होती. हिशेब संपला, चहा आला आणि बोलता बोलता एकाच्या तोंडून निघून गेलं की आम्ही तिघे मित्र अबू धाबीला फॉर्म्युला वनची शर्यत बघायला जायचं ठरवतोय. बैठकीत एकदम शांतता. मग ज्यांचं बोट धरून आम्ही चळवळीत आलो ते ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "शर्यत बघायला? पोरांनो, त्या पैशात किती लेकरांची फी भरली गेली असती?"

तेव्हा आम्ही गप्प बसलो. मोठ्या माणसाला तिथल्या तिथे उलट उत्तर देणं बरं दिसत नाही. पण हा प्रश्न आपल्यातल्या प्रत्येक नोकरदार तरुणाला कधी ना कधी ऐकावा लागतो. म्हणून हे उत्तर.

आधी हिशेब, कारण चळवळीत हिशेब उघडा असावा. आम्ही तिघे म्हणजे अंबडच्या एका वर्कशॉपमधला टर्नर, जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक आणि समाजकार्य करणारे आम्ही. महिन्याला प्रत्येकी ३ हजार, असे दोन वर्षांत प्रत्येकी ७२ हजार साठवले. तेवढ्यात विमान, व्हिसा आणि स्वस्तातलं तिकीट कसंबसं बसतं. हॉटेल परवडत नाही. म्हणून शारजात एसी दुरुस्तीचं काम करणाऱ्या आमच्या वस्तीतल्या एका भावाच्या खोलीवर मुक्काम ठरला आहे. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यायला सांगितलं. तो आम्ही आधी बाजूला काढतो. शर्यतीचे पैसे उरलेल्या एकोणीस हिश्श्यांतले आहेत. मग त्या एकोणीस हिश्श्यांचाही जाब आम्ही द्यायचा का? आणि हा जाब फक्त आपल्यालाच का विचारला जातो? कॉलेज रोडवरच्या एखाद्या कुटुंबातला मुलगा लंडनला टेनिस बघून आला तर त्याला हौशी म्हणतात. त्याच्या जातीतल्या गरीब मुलांच्या फीची आठवण त्याला कोणी करून देत नाही.

व्हिसाची चौकशी करायला आम्ही एका ट्रॅव्हल एजंटाकडे गेलो होतो. शिक्षक मित्राच्या शर्टावरचा निळा बिल्ला बघून तो सहज म्हणाला, "कॉन्फरन्स आहे का? की स्कॉलरशिप?" माणूस वाईट नव्हता. पण त्याच्या डोक्यात एक चौकट पक्की होती, की ही माणसं देशाबाहेर जातात ती शिकायला नाहीतर राबायला. मौज करायला जात नाहीत. समाजशास्त्रात आम्ही सांस्कृतिक भांडवल शिकलो, पण त्याचा अर्थ त्या काउंटरवर कळला. कुठला आनंद कोणाला शोभतो हेसुद्धा जातच ठरवते. खेदाची गोष्ट अशी की बैठकीतला प्रश्न आणि एजंटाचा प्रश्न एकाच चौकटीतून आले होते.

आता कोणी म्हणेल, गाड्यांचं एवढं काय कौतुक? मित्रांनो, वाहनाचा आणि आपला इतिहास साधा नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी चाळीसगावची हकीकत सांगितली आहे. १९२९ साली तिथल्या टांगेवाल्यांनी महाराला टांग्यात बसवून नेणं कमीपणाचं मानलं. शेवटी सवय नसलेल्या आपल्याच एका माणसाने टांगा हाकला. पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब दगडावर आपटले, पाय मोडला. कोलंबियात आणि लंडनमध्ये शिकून आलेल्या बॅरिस्टरची ही गत!

पुढच्याच वर्षी आमच्या नाशकात २ मार्चला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. ९ एप्रिल १९३० ला रामाचा रथ निघणार होता. रथ दोन्ही बाजूंच्या लोकांनी ओढायचा अशी तडजोड झाली होती. बाबासाहेब स्वतः हजर होते. पण आपल्या माणसांचे हात लागायच्या आत सवर्णांनी रथ पळवून नेला, वर दगडफेक केली. आमच्या दृष्टीने नाशिकची सर्वांत मोठी शर्यत तीच. करार ठरवून मोडला गेला आणि दगड आपल्या माणसांनी खाल्ले.

म्हणूनच १२ डिसेंबर २०२१ ची अबू धाबीची शर्यत आमच्या डोक्यातून जात नाही. लुईस हॅमिल्टन आणि मॅक्स वेरस्टॅपन यांचे गुण सारखे होते. हॅमिल्टन पुढे होता, आठवं विश्वविजेतेपद हाताशी होतं. शेवटी एका गाडीला अपघात झाला, सेफ्टी कार आली आणि शर्यतीच्या संचालकाने फक्त त्या दोघांच्या मधल्या पाच गाड्यांना पुढे जाऊ दिलं. सेफ्टी कारही नियमापेक्षा एक फेरी आधी आत बोलावली. नव्या टायरवरचा वेरस्टॅपन शेवटच्या फेरीत पुढे निघून गेला. पुढे मार्च २०२२ मध्ये एफआयएच्या अहवालाने ही मानवी चूक होती, पण हेतू प्रामाणिक होता असं म्हटलं आणि निकाल कायम ठेवला. त्यात वर्णद्वेष होता असं आम्ही म्हणत नाही. पुराव्याशिवाय बोलायचं नाही हे बाबासाहेबांकडूनच शिकलो. पण ऐन वेळी नियम वाकला की कसं वाटतं, हे काळारामाच्या गावात वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

हॅमिल्टन हा फॉर्म्युला वनमधला पहिला कृष्णवर्णीय चालक. आजी-आजोबा ग्रेनाडाहून इंग्लंडला आलेले. वडिलांनी एकाच वेळी दोन-तीन नोकऱ्या करून पोराचं कार्टिंग चालवलं. २००८ मध्ये स्पेनमध्ये चाचणीच्या वेळी काही प्रेक्षक तोंडाला काळं फासून त्याची टिंगल करायला आले होते. त्याच वर्षी त्याने पहिलं विजेतेपद घेतलं, पुढे अशी सात केली. २०२० मध्ये तो ट्रॅकवर गुडघा टेकून बसला. २०२१ मध्ये त्याने नेमलेल्या आयोगाचा अहवाल आला. या खेळात काम करणाऱ्यांत कृष्णवर्णीय एक टक्क्याच्या आसपास आहेत, हे त्यात मांडलं गेलं. नुसतं मांडून तो थांबला नाही. स्वतःचे २ कोटी पौंड देऊन त्याने 'मिशन ४४' उभं केलं. याला आपल्या भाषेत 'पे बॅक टू सोसायटी' म्हणतात.

पण आमच्या बाजूलाही खोट आहे, ती लपवणार नाही. हा खेळ पैशाचा आणि पेट्रोलचा आहे. आखातातल्या चकचकीत इमारती आणि ट्रॅक आपल्यासारख्याच देशांतून गेलेल्या मजुरांच्या घामावर उभे आहेत. आमचा शारजाचा भाऊ त्यांतलाच. आम्ही तिकीट काढून बसणार, तो मात्र त्या दिवशी कुणाचा तरी एसी दुरुस्त करत असणार. याचं सोपं उत्तर आमच्याकडे नाही. नावाने प्रश्न सुटत नाहीत हेही आम्ही पाहिलं आहे. गौतम बुद्ध नगर जिल्ह्यातल्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर ३० ऑक्टोबर २०११ ला बहन मायावतींनी सेबास्टियन वेटेलला चषक दिला, तेव्हा टीव्हीसमोर आमची छाती फुगली होती. खेळ की करमणूक या कराच्या वादात ती शर्यत २०१३ नंतर बंद पडली. ट्रॅकला बुद्धाचं नाव मिळालं, पण त्यावर गाडी घेऊन उतरणारं आपलं पोर तेव्हाही नव्हतं, आजही नाही.

आणि आता खरी गोष्ट. पंधरा दिवसांपूर्वी टर्नर मित्राच्या बहिणीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. त्याने त्याचे ७२ हजार काढून घेतले. आम्ही म्हणालो, तुझा वाटा आम्ही भरतो. तो म्हणाला, "नको. माझ्या पैशाने येईन." या मित्राचे वडील सातपूरच्या कारखान्यात गाड्यांचे पत्रे दाबून निवृत्त झाले. त्यांच्या हाताखालून किती गाड्या गेल्या, पण शर्यत कधी बघितली नाही.

आम्ही दोघांनी जायचं का, यावर एक रात्र वाद झाला. शेवटी ठरलं की शर्यत पुढे ढकलायची, रद्द करायची नाही. जाऊ तेव्हा तिघे जाऊ. हॅमिल्टनने चाळिशी ओलांडली आहे. आम्ही पोचेपर्यंत तो ट्रॅकवर असेलच असं नाही. ही किंमत आम्हाला ठाऊक आहे आणि ती मोजायला आम्ही तयार आहोत.

म्हणून दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे. लेकरांची फी आम्ही भरू, भरतोच आहोत. पण फी भरून शिकलेल्या लेकराने उद्या काय करायचं? फक्त पुढच्या लेकराची फी भरायची? त्यानेही कधीतरी समुद्रापलीकडे जाऊन गाड्यांचा आवाज छातीत भरून घ्यावा, आणि त्यासाठी कोणापुढे कारण द्यावं लागू नये. समता म्हणजे हेही आहे.

तरुण मित्रांनो, विसावा हिस्सा आधी काढा. आणि पासपोर्ट काढून ठेवा.

जय भीम!